न लिहिलेलं गृहीतक कसं शोधायचं: विधान वाचण्यापासून वर्तुळ काळं करेपर्यंत

लालबागच्या एका चाळीतल्या अभ्यासिकेत मी रविवारी सकाळी तर्कक्षमतेचा सराव घेते. राज्यसेवा, बँक, रेल्वे, यूपीएससी, सगळ्या परीक्षांची मुलं एकाच टेबलाभोवती बसतात. बैठकव्यवस्था, नातेसंबंध, दिशा यांत प्रत्येकाची चूक वेगळी असते. गृहीतकांच्या प्रश्नांत मात्र बहुतेकांची चूक एकच असते. पर्यायातली गोष्ट खरी आहे का, हे ते तपासत बसतात. प्रश्न ते विचारतच नाही. बोलणाऱ्याने कोणती गोष्ट न सांगता धरून चाललंय, एवढंच प्रश्नाला हवं असतं.

पावसाळ्यात एकदा मी फळ्यावर हे विधान लिहिलं: ‘पावसाळ्याचे दिवस लक्षात घेता नागरिकांनी खबरदारी म्हणून पाणी उकळून व गाळून प्यावे, असे आवाहन महापालिकेने केले.’ खाली चार पर्याय दिले.

१. पाणी उकळल्याने आजाराचा धोका कमी होतो.
२. सध्या नळाला दूषित पाणी येत आहे.
३. काही नागरिक तरी हे आवाहन ऐकतील.
४. सर्व नागरिकांकडे पाणी उकळण्याची सोय आहे.

समोरच्या मुलीने दुसऱ्या पर्यायावर खूण केली. मी कारण विचारलं, तर म्हणाली, “ताई, आमच्याकडे खरंच गढूळ येतंय. सकाळी आई फडकं बांधते नळाला, ते पिवळं होतं.” तिच्या नळाला गढूळ पाणी येत होतं, यात मला शंका नव्हती. पण सूचना लिहिणाऱ्याने ‘खबरदारी म्हणून’ लिहिलं होतं. पाणी खराब असण्याची नुसती शक्यता असली तरी खबरदारी घेता येते. दूषित पाणी येतच आहे हे धरून न चालताही ही सूचना काढता येते, म्हणून दुसरा पर्याय गळतो. तिचं उत्तर तिच्या घरात खरं होतं, विधानाला मात्र त्याची गरज नव्हती.

चौथा पर्यायही असाच गळतो. आवाहनाला अर्थ असायला बऱ्याच घरांत सोय असली की पुरे, सगळ्यांकडे असायला लागत नाही. राहिले पहिला आणि तिसरा. उकळून काहीच फरक पडत नसेल, किंवा ऐकणारा एकही नसेल, तर हे आवाहन कशासाठी करायचं?

हे चार निवाडे चटकन कसे करायचे, ते आता क्रमाने सांगते. क्रम महत्त्वाचा आहे. बरीच मुलं पाचव्या टप्प्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

आधीची तयारी: तीन शब्द वेगळे करा

गृहीतक, अनुमान आणि कृती हे शब्द एकाच पानावर येतात आणि घाईत एकमेकांत मिसळतात.

गृहीतक विधानाच्या आधी असतं. बोलणाऱ्याने ते मनात पक्कं केलेलं असतं आणि त्याच्यावर उभं राहून तो बोलतो. अनुमान विधानाच्या नंतर येतं: हे विधान खरं मानलं तर आणखी काय खरं ठरतं? कृती म्हणजे विधानात सांगितलेल्या अडचणीवर काय करायचं. एकच वाक्य एका प्रश्नात बरोबर आणि दुसऱ्यात चूक ठरू शकतं, ते याच कारणाने.

उदाहरण घ्या. ‘रविवारी मेगाब्लॉक असल्याने परीक्षार्थींनी घरातून लवकर निघावे.’ मेगाब्लॉकमुळे प्रवासाला जास्त वेळ लागू शकतो, हे गृहीतक झालं. लवकर न निघणाऱ्या काहींना उशीर होऊ शकतो, हे पुढचं अनुमान. जादा बस सोडाव्यात, ही कृती. तिन्ही वाक्यं समजूतदार आहेत, पण ‘गृहीतक कोणतं’ असं विचारल्यावर गुण पहिल्यालाच मिळतो.

तपासणी: पर्याय वाचायच्या आधी प्रश्नाच्या शेवटच्या ओळीतल्या त्या एका शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारा. पेपर संगणकावर असेल तर तो शब्द मनात उच्चारा. दोन सेकंद लागतात.

टप्पा १: कोण, कोणाला, कशासाठी

विधान वाचलं की पहिल्यांदा बोलणारा शोधा. रेल्वेची सूचना आहे, दुकानाची जाहिरात आहे, सरकारचा निर्णय आहे, की कोणी आपलं मत पटवून देतोय? प्रत्येकाची धरून चालायची पद्धत वेगळी असते.

सूचना किंवा इशारा देणारा दोन गोष्टी धरून चालतो. न सांगितल्यास काही लोक नको तसं वागतील, आणि सांगितल्याने काही फरक पडेल. ‘विनातिकीट प्रवास करणे दंडनीय अपराध आहे’ ही पाटी प्लॅटफॉर्मवर लावणाऱ्याने काही जण तिकीट न काढता चढण्याची शक्यता मनात धरलेली आहे. ‘बहुतेक प्रवासी विनातिकीट असतात’ हे त्याने धरलेलं नाही.

जाहिरात देणारा, ज्या गुणाचा उल्लेख केलाय तो गिऱ्हाइकाला हवासा वाटतो, असं धरून चालतो. एखाद्या क्लासने ‘दर आठवड्याला सराव चाचणी’ असं ठळक छापलं, तर विद्यार्थ्यांना सराव चाचणीचं महत्त्व वाटतं हे गृहीतक. दुसरे क्लास चाचण्या घेत नाहीत, हे गृहीतक नाही. जाहिरातीत त्यांचा विषयच नाही.

धोरण किंवा निर्णय असेल तर निर्णय अमलात आणणं शक्य आहे आणि त्याने ठरवलेला हेतू थोडा तरी साधेल, हे धरलेलं असतं.

सावधान: हे ठोकताळे बँकेच्या परीक्षांतल्या एक-दोन ओळींच्या विधानांना चालतात. यूपीएससीच्या सीसॅटमधल्या (पूर्वपरीक्षेतला आकलन आणि तर्कक्षमतेचा पेपर) लांब उताऱ्यांना ते जसेच्या तसे लावू नका. तिथे प्रत्येक पर्याय लेखकाच्या युक्तिवादावर घासूनच बघावा लागतो.

टप्पा २: निष्कर्ष कुठे आहे, ते आधी ठरवा

युक्तिवादाचे दोन भाग असतात, कारण आणि निष्कर्ष. गृहीतक या दोघांच्या मधल्या जागेत असतं. निष्कर्षच चुकीचा धरला तर मधली जागाही चुकीची सापडते आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते.

म्हणून, त्यामुळे, सबब, तेव्हा, याचा अर्थ या शब्दांच्या पुढे निष्कर्ष असतो. कारण, -मुळे, -ल्याने, ज्याअर्थी यांच्याजवळ कारण असतं. पण मराठीत निष्कर्ष पुष्कळदा आधी येतो: ‘बसच्या फेऱ्या वाढवायलाच हव्यात, स्टॉपवर अर्धा अर्धा तास उभं राहावं लागतं.’ इथे जोडणारा शब्दच नाही. अशा वेळी दोन्ही वाक्यांच्या मध्ये ‘म्हणून’ घालून दोन्ही बाजूंनी वाचा. अर्धा तास उभं राहावं लागतं, म्हणून फेऱ्या वाढवायला हव्यात: हे जुळतं. उलट वाचून बघा, जुळत नाही. जे ‘म्हणून’च्या नंतर शोभतं तो निष्कर्ष.

‘पाहिजे’, ‘हवे’, ‘करावे’ असलेलं वाक्य बहुतेक वेळा निष्कर्ष असतं. आकडे आणि निरीक्षणं बहुतेक वेळा कारणाच्या बाजूला असतात.

टप्पा ३: च, ही, आता, पुन्हा यांवर बोट ठेवा

याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण मराठी पेपर सोडवणाऱ्यांच्या हातात हे हत्यार असतं आणि ते वापरलंच जात नाही. आपल्या भाषेत एका अक्षरात गृहीतक लपतं.

‘एसी लोकलमध्येही आता गर्दी होऊ लागली आहे.’ यातला ‘ही’ काढून बघा. ‘ही’ आहे म्हणून बोलणाऱ्याने धरलंय की गर्दी इतर लोकलमध्ये आधीपासून होतीच. ‘आता’ आणि ‘होऊ लागली’ यांमुळे त्याने धरलंय की पूर्वी एसी लोकलमध्ये अशी गर्दी नव्हती. या दोन्ही गोष्टी वाक्यात कुठेही सांगितलेल्या नाहीत, पण त्यांच्याशिवाय ते वाक्य असं बोलताच येत नाही.

‘च’ तर आणखी धारदार. ‘गर्दी कमी करायची तर बस वाढवल्या पाहिजेत’ म्हणणाऱ्याला बस हा एक उपाय वाटतो. ‘गर्दी कमी करायची तर बसच वाढवल्या पाहिजेत’ म्हणणाऱ्याने दुसरे उपाय पुरे पडणार नाहीत असं धरलंय. पहिल्या वाक्याखाली ‘बसशिवाय दुसरा उपाय नाही’ हा पर्याय आला तर तो चूक. दुसऱ्याखाली आला तर विचार करण्यासारखा. पर्याय तोच, फरक एका अक्षराचा.

‘पुन्हा’, ‘परत’, ‘अजून’, ‘तरीसुद्धा’, ‘थांबवावे’, ‘सुरू ठेवावे’ हे त्याच घरातले. ‘ही सवलत पुन्हा सुरू करावी’ म्हटलं की सवलत आधी होती आणि मध्ये बंद झाली, हे आलंच. ‘सुरू ठेवावी’ म्हटलं की आज ती चालू आहे.

सावधान: मॉक टेस्टच्या पुस्तकांत भाषांतर करताना कधीकधी ‘च’ आणि ‘ही’ उगाच पेरलेले असतात. पेपर दोन भाषांत छापलेला असेल आणि एखादं अक्षर खटकलं, तर दुसऱ्या भाषेतली ओळ एकदा नजरेखालून घाला. राज्यसेवेच्या पेपरात मराठीबरोबर इंग्रजी असतं. यूपीएससी पूर्वपरीक्षेत हिंदी आणि इंग्रजी असतं, मराठी नसतं, म्हणून तिथे हे अक्षरांचं काम हिंदीतल्या ‘ही’ आणि ‘भी’वर करा. हिंदीतला ‘ही’ म्हणजे आपला ‘च’, हे विसरलात तर उत्तर नेमकं उलटं जाईल.

टप्पा ४: फट शोधा आणि पूल स्वतः लिहा

आता कारण आणि निष्कर्ष शेजारी ठेवा. निष्कर्षात असा कोणता शब्द आहे जो कारणात नव्हता? तो नवा शब्द जिथे घुसला तिथेच फट आहे.

‘या अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत दिवे चालू असतात, म्हणून इथली मुलं मेहनती आहेत.’ नवा शब्द आहे ‘मेहनती’. दिव्यांपासून मेहनतीपर्यंत जायला दोन पायऱ्या लागतात. दिवे चालू असतात तेव्हा मुलं आत अभ्यास करत असतात, ही एक. रात्री उशिरापर्यंत अभ्यास करणं मेहनतीचं लक्षण आहे, ही दुसरी. दोन्ही गृहीतकं झाली.

प्रत्येक वेळी नवा शब्द सापडेलच असं नाही. कार्यकारणाच्या युक्तिवादात फट वेगळ्या जागी असते. हे बघा: ‘गेल्या वर्षी या मार्गावर बसच्या फेऱ्या वाढवल्या. यंदा स्टेशनबाहेरची रिक्षाची रांग लहान झाली आहे. याचा अर्थ, लोक रिक्षा सोडून बसने जाऊ लागले आहेत.’

मुलुंडला किंवा कांदिवलीला राहणाऱ्याला हे वाचताक्षणी पटतं. थांबा. रांग लहान व्हायला आणखी काय काय कारणं असू शकतात? रिक्षांची संख्या वाढली असेल, म्हणून रांग भराभर सरकत असेल. जवळून मेट्रो सुरू झाली असेल आणि माणसं तिकडे वळली असतील. त्या स्टेशनवर उतरणारेच कमी झाले असतील. बोलणाऱ्याने हे सगळं नाही असं धरलंय. म्हणून ‘स्टेशनबाहेरच्या रिक्षांची संख्या फारशी वाढलेली नाही’ असा नकारात्मक, नीरस पर्याय इथे बरोबर असतो आणि मुलं त्याच्याकडे बघतही नाहीत. ‘बसचं भाडं रिक्षापेक्षा कमी आहे’ हा ओळखीचा, खरा पर्याय ती निवडतात. भाडं कमी असल्याने युक्तिवादाला आधार मिळतो, पण त्यावाचून युक्तिवाद अडत नाही. लोक वेळ वाचतो म्हणूनही बसकडे वळू शकतात.

हा पूल, म्हणजे कारणापासून निष्कर्षापर्यंत नेणारं गृहीतक, मनात किंवा कच्च्या कामाच्या जागेत चार-पाच शब्दांत लिहा. *पर्याय झाकून* लिहा. मी सरावाच्या वेळी मुलांना पर्यायांवर हात ठेवायला लावते, आणि पहिले दोन-तीन रविवार ती वैतागतात. पण पर्याय लिहिणाऱ्याचं कामच तुम्हाला त्याच्या रस्त्याने नेण्याचं असतं. स्वतःचा पूल आधी हातात असेल तर त्याच्या रस्त्याकडे बघून तुम्ही ‘हा माझा नाही’ म्हणू शकता.

तपासणी: लिहिलेल्या पुलात तुमच्या माहितीतली, पण विधानात नसलेली एखादी गोष्ट शिरली आहे का? शिरली असेल तर खोडा.

टप्पा ५: उलटं करून बघा

आता एकेक पर्याय घ्या, त्याचा नकार करा आणि विचारा: हे उलटं खरं असेल, तर बोलणाऱ्याला असं बोलता आलं असतं का? बोलणं कोसळलं तर तो पर्याय गृहीतक आहे. बोलणं डळमळीत होऊनही उभं राहिलं तर नाही.

कसोटी सोपी वाटते. चूक नकार करण्यात होते. नकार म्हणजे टोकाची उलट बाजू नव्हे, एवढं डोक्यात बसवा.

– ‘सर्व’चा नकार ‘एकही नाही’ असा होत नाही. तो ‘निदान एक तरी तसा नाही’ असा होतो.
– ‘काही’चा नकार ‘एकही नाही’.
– ‘नेहमी’चा नकार ‘कधीतरी नाही’.
– ‘“अ”पेक्षा “ब” मोठा’ याचा नकार ‘“ब” मोठा नाही’, म्हणजे लहान किंवा बरोबरीचा. बरोबरी विसरू नका.
– ‘फक्त यामुळे’चा नकार ‘यामुळे नाहीच’ असा नव्हे. ‘आणखीही कारणं आहेत’ असा.

मराठीत आणखी एक खड्डा आहे. ‘सगळे प्रवासी तिकीट काढत नाहीत’ हे वाक्य मोठ्याने वाचा. कोणाला त्यात ‘एकही काढत नाही’ ऐकू येतं, कोणाला ‘काही जण काढत नाहीत’. ‘नाही’ क्रियापदाला चिकटलं की असा घोळ होतो. म्हणून नकार नेहमी वाक्याच्या शेवटी, वेगळा जोडा: ‘सगळे प्रवासी तिकीट काढतात, *असं नाही*.’ आता अर्थ एकच उरतो. ही एक सवय लावून घेतल्यावर अभ्यासिकेतल्या कितीतरी जणांच्या चुका थांबल्या.

कसोटी चालवून बघू. विधान: ‘स्टेशनच्या पुलावर फार गर्दी होते, म्हणून पुलावरचे फेरीवाले हटवावेत.’ पर्याय असे.

१. फेरीवाले हे पुलावरच्या गर्दीचं एकमेव कारण आहे.
२. फेरीवाले हटवल्याने पुलावरची गर्दी काही प्रमाणात कमी होईल.

पहिल्याचा नकार: फेरीवाले हे एकमेव कारण आहे, असं नाही. समजा पूल अरुंदही आहे आणि दोन गाड्या एकदम येतात. तरी फेरीवाले हटवा म्हणता येतंच की. युक्तिवाद उभा राहिला, म्हणजे पहिलं गृहीतक नाही. दुसऱ्याचा नकार: फेरीवाले हटवून गर्दी जराही कमी होणार नाही. मग हटवायचे कशाला? कोसळला. दुसरं गृहीतक आहे.

फेरीवाल्यांविषयी तुमचं मत काय, हटवणं न्यायाचं की अन्यायाचं, हे इथे आणू नका. या मुद्द्यावर आमच्या टेबलाशी दर वेळी वाद पेटतो. तो वाद खरा आहे आणि महत्त्वाचाही, पण प्रश्न सोडवून झाल्यावर करायचा.

टप्पा ६: टोकाच्या शब्दांना घाबरू नका, तोलून बघा

‘फक्त, सर्व, एकमेव, सर्वोत्तम दिसलं की पर्याय खोडा’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे. विधान मवाळ आणि पर्याय टोकाचा असेल तर खोडा. पण विधानच टोकाचं असेल तर गृहीतकही टोकाचं लागू शकतं. ‘हा अर्ज ऑनलाइनच भरता येतो, म्हणून गावाकडच्या प्रत्येक उमेदवाराला इंटरनेटची सोय द्यायलाच हवी’ या विधानाखाली ‘गावाकडच्या एकाही उमेदवाराकडे इंटरनेटची पुरेशी सोय नाही’ असा पर्याय आला, तर शब्द बघून खोडू नका, उलटा करून बघा. काहींकडे पुरेशी सोय असेल तर ‘प्रत्येकाला द्यायलाच हवी’ हे कोसळतं.

याच टप्प्यात आणखी एक गाळणी लावा. पर्याय विधानाचीच पुनरुक्ती तर नाही ना? जे सांगितलंय ते ‘न सांगितलेलं’ कसं असेल? शब्द बदलून तेच वाक्य समोर ठेवलेलं असतं आणि ओळखीचं वाटतं म्हणून उचललं जातं.

टप्पा ७: उताऱ्यावरचे प्रश्न

इथे पाय घसरतो तो सामान्य अध्ययनाच्या तयारीमुळे. एक छोटा उतारा बघू.

‘मुंबईला सात जलाशयांतून पाणी मिळते. त्यांपैकी विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीत आहेत. तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा यांचे पाणी लांबून आणावे लागते. या सातही जलाशयांची मदार पावसाळ्यावर आहे. म्हणून शहराने समुद्राचे पाणी गोडे करण्याचा पर्याय उभा करायला हवा.’

१. समुद्राचे पाणी पिण्यायोग्य करणे शक्य आहे.
२. येत्या काळात पावसाचे प्रमाण घटत जाणार आहे.
३. पाणी मिळवण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.
४. केवळ पावसावर अवलंबून राहणे शहरासाठी जोखमीचे आहे.

पहिल्याचा नकार केला की निष्कर्ष संपतो. चौथ्याचा नकार केला, म्हणजे जोखीम नाहीच असं म्हटलं, की पर्याय उभा करायचं कारणच उरत नाही. दोन्ही गृहीतकं. तिसरा सहज गळतो, लेखकाने खर्चाची गोष्टच काढलेली नाही.

दुसरा पर्याय खरा सापळा. पर्यावरणाचं वाचन ताजं असलेला उमेदवार त्यावर खूण करून मोकळा होतो. पण पाऊस दर वर्षी कमी होत गेला नाही, नुसता एखाद्या वर्षी उशिरा आला, तरी लेखकाचं म्हणणं तसंच टिकतं. हवामानाविषयी तुम्हाला जे माहीत आहे ते बाजूला ठेवा. लेखकाला तेवढं लागतं का, एवढंच बघा.

तपासणी: प्रत्येक पर्यायासाठी उताऱ्यातल्या नेमक्या ओळीवर बोट ठेवता येतं का? ‘याच ओळीला हे धरावं लागतं’ असं दाखवता आलं पाहिजे. ‘एकूण सूर असा आहे’ म्हणून खूण केलीत तर शक्यतो चुकाल.

टप्पा ८: वेळ आणि खूण

सीसॅटमध्ये १२० मिनिटांत ८० प्रश्न असतात, म्हणजे एकाला दीड मिनिट. छोट्या विधानाला एक मिनिट पुरे, वाचवलेला वेळ उताऱ्यांना द्या.

‘केवळ १’, ‘केवळ २’, ‘१ आणि २ दोन्ही’, ‘एकही नाही’ अशी मांडणी असेल तर ज्याचा निवाडा सोपा आहे ते गृहीतक आधी घ्या. २ नक्की गळलं की दोनच उत्तरं उरतात. बँकेच्या जुन्या धाटणीत ‘एकतर १ किंवा २’ असाही पर्याय येतो. दोन्ही गृहीतकं एकमेकांच्या विरुद्ध असतील आणि विधानाला त्यांपैकी कोणतं तरी एक लागणारच असेल, तरच त्याचा विचार करा. ‘मला ठरवता येत नाही’ याचं ते उत्तर नाही.

अडलात तर हिशेब करा. यूपीएससीच्या सीसॅटमध्ये प्रश्न २.५ गुणांचा आणि चुकीला एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ०.८३ गुण कापले जातात. चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर अंदाजाने खूण करून सरासरी हाती शून्य येतं, तेव्हा सोडून द्या. दोन पर्याय पक्के खोडले असतील तर उरलेल्या दोनांत खूण करणं फायद्याचं, सरासरी सुमारे ०.८३ गुण पदरात पडतात. तुमच्या परीक्षेत गुण किती कापतात, ते प्रश्नपुस्तिकेच्या पहिल्या पानावरच्या सूचनांत बघा आणि हाच हिशेब त्यावर बसवा.

चुकांची वही

मॉक टेस्टनंतर नुसतं ‘चूक’ असं लिहू नका. चूक कोणत्या घरातली ते लिहा: ‘खरं वाटलं म्हणून’, ‘गरजेपेक्षा जास्त मोठं’, ‘अनुमान होतं’, ‘नकार चुकला’, ‘निष्कर्षच चुकीचा धरला’. तीन-चार टेस्ट झाल्या की एखाद्या घरात गर्दी दिसू लागते. पुढचा आठवडा त्याच टप्प्याचा सराव करा, बाकीचे टप्पे सोडून द्या.

एक स्वतः सोडवा

बसमध्ये पाटी असते: ‘कृपया सुट्टे पैसे द्यावेत.’ पर्याय झाका, पूल लिहा, मग खाली बघा.

१. कंडक्टरकडे सुट्टे पैसे कधीच नसतात.
२. काही प्रवाशांना सुट्टे पैसे देणं शक्य असतं.
३. सुट्टे न दिल्यास तिकीट देण्यात अडचण येऊ शकते.
४. प्रवासी मुद्दाम मोठ्या नोटा देतात.

दुसरा आणि तिसरा गृहीतकं आहेत. पहिल्याचा नकार ‘कधीकधी असतात’ असा होतो आणि पाटी तशीच टिकते. कधीकधी असतात तेही प्रवासी सुट्टे देतात म्हणूनच असतील. चौथ्यावर तुमची खूण गेली असेल तर वहीत ‘खरं वाटलं म्हणून’ या घरात ती नोंदवा. नोटा मुद्दाम दिल्या काय किंवा खिशात दुसरं काही नव्हतं म्हणून दिल्या काय, पाटी लावणाऱ्याला दोन्हींत सुट्टेच हवे आहेत.